त्या पोरायचे देव किती?

चंद्रपूर-गडचिरोलीहून परतलेल्या माणसाला आमच्या कोल्हापुरात पहिला प्रश्न वाघाचा विचारतात. दिसला का? नाही दिसला. मोहर्लीच्या गेटवर सफारीच्या जिप्सीत बसायला मी गेलेच नव्हते. मी गेले होते पत्रकांचे दोन गठ्ठे घेऊन, आणि त्या पत्रकांचं काय झालं ते सांगायला हे लिहिते आहे. वाघाबद्दल वाचायचं असेल तर दुसऱ्या कुणाचं वाचा, भरपूर लिहिलेलं आहे.

पत्रकात काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंग्लंडमधून गोरगरिबांची मुलं बोटीत बसवून दूरदेशी शेतावर राबायला पाठवत असत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, आफ्रिकेचं दक्षिण टोक. एखाद-दुसऱ्या वर्षी नव्हे, पिढ्यानपिढ्या, आणि गेल्या शतकाचा अर्धा भाग उलटून गेला तरी. आठ-दहा वर्षांची पोरं. पाठवणारे कोण, तर गुलामांचे व्यापारी नव्हेत. धर्मादाय संस्था, चर्चमधली सज्जन माणसं, अनाथालयं चालवणाऱ्या बाया. शहरातल्या घाणीतून काढतो, मोकळी हवा देतो, कष्टाची सवय लावतो, असं त्यांचं म्हणणं. पुष्कळ मुलांना सांगितलं गेलं की तुझे आईबाप मेले. पुष्कळांचे जिवंत होते. भाऊ एका शेतावर, बहीण दुसऱ्या. काहींना शेतकऱ्याने घरच्यासारखं वागवलं, बाकीच्यांनी गोठे काढले. सरकारांनी माफी मागितली ती या शतकात, निम्मीअधिक मुलं मातीत गेल्यावर.

हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी मुलं मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यात आमच्या संघटनेच्या विलासभाऊंचा गोंडपिपरीहून फोन आला, की राज्याच्या सीमेवरच्या नदीपलीकडचा एक मुकादम यंदा मिरचीच्या कामाला नुसत्या पोरी मागतो आहे. कुटुंबं नकोत, फक्त पोरी. मी आठवड्यात पत्रक लिहिलं, छापलं आणि गाडीत बसले.

गोंडपिपरी

विलासभाऊ हे आमच्या संघटनेचे त्या भागातले एकुलते एक कार्यकर्ते. धान आणि कापूस पिकवणारे, चाळिशीतले, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं करणारे. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या भागात नाटकांचा नुसता पूर असतो. गोंडपिपरीच्या भिंतीभिंतीवर पोस्टर, प्रत्येकावर एक बाई रडते आहे.

त्यांनी माझं पत्रक हातात घेतलं. मथळा होता, ‘निर्यात केलेलं बालपण’.

"ताई, ह्या नावाले कोनी तिकीट काढनार नाई."

"हे नाटक नाही, विलासभाऊ."

"तेच तं चुकलं ना! ‘सवतीनं पुसलं कुंकू’, असं काही पाहिजे. मानूस पहिले रडला पाहिजे, मंग आयकते."

मी म्हटलं, लोकांना रडवायला आले नाही, चिडवायला आले आहे. ते म्हणाले, "चिडतीन बी. पन कोनावर, ते आपल्या हाती नाई."

फोटो मात्र त्यांना फार आवडला. पत्रकाच्या अख्ख्या पहिल्या पानावर मी एक जुना फोटो टाकला होता: बंदरावर रांगेत उभी मुलं, अंगात नवे कोट, डोक्यावर टोप्या, पायात बूट, प्रत्येकाच्या पुढ्यात एक नवी पेटी आणि मागे बोट. ते फोटो त्या संस्थांनीच काढून घेतलेले असायचे, देणगीदारांना दाखवायला. मला त्यात सगळा ढोंगीपणा एका नजरेत दिसत होता. म्हणून खास गुळगुळीत कागद वापरला होता.

दोन दिवस विलासभाऊंच्या घरी मी सकाळ-संध्याकाळ भात खाल्ला. लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याबरोबर शिजवलेल्या पोपटाच्या शेंगा (आपण ज्यांना वालाच्या शेंगा म्हणतो त्या), तोंडी लावायला जवसाची चटणी. तिसऱ्या जेवणाला मी भाकरीची चौकशी केली तर वहिनींनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. तिकडे भाकरी मागणारं माणूस आजारी समजतात बहुतेक. पाच वाजले की शेतातून सगळे घरी. वाघामुळे. त्यावर कुणी काही बोलत नाही, आपल्याकडे वीज जायच्या वेळेवर जसं कुणी बोलत नाही तसं.

रपटा

तिसऱ्या दिवशी विलासभाऊंच्या मोटारसायकलवर निघालो. वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पुढे आलापल्लीपर्यंत सागाचं रान, आणि तिथून आत जाणारा एक रस्ता, जो हळूहळू रस्ता राहायचं सोडून देतो. ज्या गावी गेलो त्याचं नाव लिहीत नाही, मुलीचंही नाव बदललं आहे. मुकादम अजून त्या भागात फिरतो.

वाटेत विलासभाऊंनी मला एक गोष्ट समजावली. गोंडांमध्ये कुणी चार देवांचे, कुणी पाच, कुणी सहा, कुणी सात. देवांची संख्या सारखी असली की ती माणसं एकमेकांची भाऊबहिणी, मग जन्मात तोंड पाहिलेलं नसेना का. त्यांच्यात लग्न होत नाही. आणि दारात आलेल्याला परका म्हणता येत नाही. आम्ही चाललो होतो ते गाव सहा देवांचं.

"तुम्हाले बी इचारतीन, देव किती. तयार राह्यजा."

"मी निरीश्वरवादी आहे."

"ते आकडा नाई होत ना, ताई."

गावाच्या अलीकडे नाला आहे आणि त्यावर रपटा. रपटा म्हणजे पाण्याच्या पातळीला बांधलेला सिमेंटचा पट्टा, ज्यावरून गाडी न्यायची. जानेवारीतही त्यावरून घोटाभर पाणी वाहत होतं आणि खाली शेवाळ. विलासभाऊ म्हणाले, "धरून बसा," आणि मी धरून बसले, पण पत्रकांचे गठ्ठे धरून. त्यामुळे गाडी सरकली तेव्हा मी आणि पत्रकं एकत्र पाण्यात गेलो.

विलासभाऊ काठावर उभे राहून हसत होते. "बोटीवर चढवलेले कमी पडले का, ताई? तुम्ही पोहूनच चालल्या!"

खळं

गावात पहिलं घर रुखमाबाईंचं. त्यांनी मला कोरडं लुगडं दिलं, चुलीपुढे बसवलं आणि गठ्ठे सोडले. धान मळून झालेलं, खळं शेणाने सारवून मोकळं पडलेलं. त्यावर त्यांनी आणि त्यांच्या लेकीने एकेक पत्रक अंथरलं आणि प्रत्येकावर खडा ठेवला. अख्खं खळं पत्रकांनी भरलं. आतल्या पानांची शाई पसरली होती. चार पानं मजकूर, माझी आठवड्याची मेहनत, निळे डाग झाली होती. गुळगुळीत कागदावरचा फोटो मात्र झकास राहिला.

ही लेक म्हणजे पायल. वय चौदा, शिक्षण नववी, म्हणजे दिवाळीपर्यंत नववी. तालुक्याकडच्या आश्रमशाळेत राहून शिकत होती. तिथे तिला ताप आला. चार-पाच दिवस ती अंथरुणात पडून होती आणि घरी कुणी कळवलं नाही. दिवाळीच्या सुट्टीसाठी बाप आणायला गेला तेव्हा पोरगी भिंत धरून चालत होती. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी ती मुकादमाच्या जीपमध्ये बसून जाणार होती. नदीपलीकडे मिरचीच्या शेडमध्ये, मिरचीचे देठ तोडायला, पावसाळा लागेपर्यंत. गावातल्या आणखी पाच पोरी तिच्याबरोबर. हे सगळं तिने मला खडे ठेवता ठेवता सांगितलं, जत्रेला जाणार असल्यासारखं.

"आणि शाळा?" मी विचारलं.

"शाळेत जाऊन का करू? तिथी गोंडीत बोललं का मार पडते."

"तुझा हक्क आहे शिक्षणाचा. मी तुला परत शाळेत घालणार."

ती माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुमी कोन?"

दुपारी मी चुलीशी केस वाळवत होते तेव्हा तीन बाया आल्या. त्यांच्या हातात माझी पत्रकं. मला वाटलं, आग लागली. पेटले लोक.

त्यातली एक म्हणाली, "बाई, तुमच्या कंपनीत पोरीयले घेते का? का फक्त पोट्टेच?"

"कुठली कंपनी?"

"हे काय. बूट देते, पेटी देते, कोट देते. मल्लेश मुकादम तं नुसती बॅग देऊन राह्यला."

दुसरी फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हे पेटी चांगली हाय. कुलूप लागते. बॅगेले कुलूप कुठी लागते?"

मी ओरडलेच. ही मुलं फसवून नेलेली आहेत, ती कोट घालून राबायला चालली आहेत, हा फोटो खोटा आहे! बाया शांतपणे ऐकून घेत होत्या. मग पहिली म्हणाली, "खोटा हाय तं तुमी काऊन छापला?"

 फोटो ज्या कामासाठी काढला होता ते काम तो अजून करत होता. बोटी बंद झाल्या, सरकारांनी माफी मागितली, तरी बूट आणि पेटी शाबूत. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कोल्हापूरची बाई मुकादमापेक्षा चांगला माल देते आहे. विलासभाऊ हसून हसून बेजार. मी खळ्यावरची सगळी पत्रकं उचलून आणली, पण काही घरांत ती आधीच भिंतीला लागली होती.

त्याच संध्याकाळी गावपाटील चैतूबाबा मला भेटायला आले. वाळलेलं शरीर, पांढरी मिशी, हातात अंबाडीचे धागे. बोलताना दोर वळायची त्यांना सवय होती. पहिला प्रश्न तोच.

"देव किती?"

मी कुलदैवत सांगितलं, जोतिबा.

"एकच?" त्यांनी विलासभाऊंकडे दयेने पाहिलं. "बरं. उद्या गोटुलात या. मुकादम बी येते. तुमी बी सांगा, तो बी सांगन."

गोटुल

गोटुल म्हणजे त्या गावाची एकत्र बसायची जागा: गवताने शाकारलेलं, चारही बाजूंनी मोकळं, मध्ये शेकोटीची राख. सकाळी ऊन अंगावर आलं तेव्हा लोक जमले. बायाही, पोरीही. त्या गावात मतं मोजत नाहीत. सगळे हो म्हणेपर्यंत निर्णय नाही. एक माणूस नाही म्हणाला तर उद्या परत बसायचं. आमच्या कार्यकारिणीत हा नियम आणला तर आम्ही अजून नावच ठरवत बसलो असतो.

मल्लेश मुकादम आधीच आला होता. स्वच्छ शर्ट, हसरा चेहरा, बाहेर जीप, जीपमध्ये पाच नव्या गुलाबी बॅगा. पायलने तिची आदल्या खेपेलाच घेतली होती आणि ती पाठीला लावूनच बसली होती.

"मॅडम, बच्ची लोगको एकदम घरके जैसा रखते हम," तो मला म्हणाला. "टीव्ही है, पंखा है."

"शेडचा पत्ता सांगा," मी म्हटलं.

"फोन नंबर है ना मेरा."

"नंबर तुमचा. मला शेडचा पत्ता पाहिजे. गाव, मालकाचं नाव. आणि कुटुंबं का नकोत? आजवर या गावातून टोळ्या कुटुंबासकट मिरचीला जात आल्या ना?"

"फॅमिलीमें झगडा होता है, मॅडम. छोटी लडकी हो तो हाथ भी जल्दी चलता है."

एवढं बोलून तो थांबला, पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

मग मी बोलायला उठले. पत्रक नव्हतंच, त्यामुळे मुद्दे क्रमाने मांडायची सोय नव्हती. मी कामाच्या तासांपासून सुरुवात केली. पहाटे उठून दूध काढायचं, गोठा, मग शेत. लोक कंटाळले. कामाचं कुणाला काही वाटलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "आमी बी तेच करून राह्यलो." गोठ्यात झोपण्याचंही नाही. कमी खायला मिळण्यावर थोडी चुळबुळ झाली, तेवढीच.

चैतूबाबांनी दोर वळायचं थांबवलं. "बाई, एक सांगा. त्या पोरायचे देव किती?"

"बाबा, ते ख्रिस्ती होते. एकच देव."

"तसं नाई. बोटीत त्यायच्या देवाचं कोन होतं? तिथी पोचल्यावर कोन होतं?"

मी म्हटलं, कुणीच नाही.

"कोनीच?"

"भाऊ भाऊ असले तरी वेगळे करायचे. एक इकडच्या शेतावर, एक तिकडच्या. काहींची नावंसुद्धा बदलली. सांगायचे की तुझी आई मेली. आई मात्र संस्थेच्या दारात मुलाला न्यायला आलेली असायची आणि तिला कळायचं की तो समुद्रापलीकडे गेला."

विलासभाऊंनी हे गोंडीत सांगितलं, ज्यांना मराठी कमी कळत होतं त्यांच्यासाठी. त्यांनी नाटकी केलं नाही, अगदी हळू सांगितलं.  मघाची म्हातारी जोरात काहीतरी म्हणाली. मेलेल्या माणसाला तिथे त्याच्या देवांत मिळवतात. विलासभाऊ मला म्हणाले, "ते म्हन्ते का मेल्यावर त्या पोरायले कोन्या देवात मिळवलं असन. त्यायची जागा कुठी."

हा मुद्दा माझ्या पत्रकात नव्हता. तासांचा होता, मारहाणीचा होता, कायद्याचा होता.

रुखमाबाईंनी विचारलं, "मायले इचारलं नाई?"

"नाही. किंवा विचारलं तरी खरं सांगितलं नाही."

"कोन होते नेनारे? मुकादम होते का?"

"नाही. संस्था होत्या. शिकलेली, चांगली माणसं. मुलांचं भलं करतो म्हणत होती."

"म्हंजे तुमच्यासारखे," रुखमाबाई म्हणाल्या.

लोक हसले. मल्लेश सगळ्यात मोठ्याने हसला. मी म्हटलं, मी कुणाला कुठे नेत नाही! तर त्या म्हणाल्या, "काल नाई का म्हनत होत्या, शाळेत घालतो म्हनून? मले इचारलं का तुमी?"

मला राग आला, आणि तो सगळाच चुकीचा होता असं मी मानत नाही. शाळा आणि मिरचीची शेड एक नव्हे. ते मी तिथेही ठणकावून सांगितलं. पण त्यांना विचारलं नव्हतं, हे खरं होतं.

चैतूबाबा मल्लेशकडे वळले. "त्या शेडात सहा देवाचं कोन हाय?"

"अरे बाबा, भगवान तो सब एक ही है," मल्लेश म्हणाला.

"मंग तुमची पोरगी पाठवा ना आमच्याकडे. इथी बी भगवान हाय."

यावर मल्लेशचं हसू गेलं. तो म्हणाला, मला अजून चार गावं करायची आहेत, हो की नाही ते सांगा. चैतूबाबा म्हणाले, घरची माणसं संग येतीन तं येतीन, पोरी एकट्या नाई. त्याच्याकडे फॅमिलीला जागा नव्हती. एका पोरीच्या बापाला मात्र पाठवायचंच होतं, तो अडून बसला. मग उद्या परत बसू असं ठरलं. म्हणजे काहीच ठरलं नाही; आणि ठरल्याशिवाय त्या गावातून कुणी जात नाही. मल्लेशला उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. तो बॅग मागायला लागला.

पायलने बॅग पाठीवरून काढली. आतला फ्रॉक काढला, कंगवा काढला, टिकल्यांचं पाकीट काढलं, प्रत्येक कप्पा उघडून पाहिला. बॅग जीपमध्ये फेकली आणि मग माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमी बी एकट्याच आल्या ना कोल्हापूरवरून? तुम्हाले कोनी अडवलं?"

मी म्हटलं, मी सव्वीस वर्षांची आहे. ती म्हणाली, "मी बी होईन." आणि घरात गेली.

आश्रमशाळेचं फाटक

दुसऱ्या दिवशी त्या बापाचंही मन वळलं होतं, मल्लेश नव्हताच, त्यामुळे बैठक लवकर संपली. मी या वेळी रुखमाबाईंना विचारलं. पायलला शाळेत परत पाठवणार का? आमचा रस्ता तिथूनच जातो, मोटारसायकलवर मधे बसवून नेते.

रुखमाबाई काही बोलायच्या आत चैतूबाबा म्हणाले, "तुमच्यासंग एकटी नाई."

"बाबा, मी मुकादम नाही!"

"ते तुमी सांगता. तिथी तिचं कोन हाय?"

"सरकारी शाळा आहे ती. कायदा आहे, हक्क आहे."

"पोरीले ताप आला तवा हक्क कुठी गेल्ता?"

मी म्हटलं, म्हणून शाळा सोडून द्यायची? त्या अधीक्षकाला जाऊन जाब विचारायचा! फाटकात उभं राहून विचारायचा, का कळवलं नाही म्हणून! तुम्ही कुणी गेलातच नाही, म्हणून त्याचं फावलं.

चैतूबाबांनी दोराला गाठ मारली. "चला मंग."

"कुठे?"

"जाब इचाराले."

विलासभाऊ मोटारसायकल घेऊन पुढे गेले आणि आम्ही चौघं, म्हणजे चैतूबाबा, रुखमाबाई, पायल आणि मी, एसटीने. पायल माझ्यापासून लांब, खिडकीशी बसली. जायचं की नाही हे घरी तिला विचारलं होतं. ती म्हणाली होती, पाहून येते, आवडलं नाई तं वापस. रुखमाबाईंनी फडक्यात भात आणि वाळलेल्या झिंग्यांची चटणी बांधून घेतली होती. मासळीचा तो वास बसभर झाला आणि कंडक्टरने चटणी मागून घेऊन खाल्ली.

आश्रमशाळा म्हणजे पत्र्याच्या तीन लांबट खोल्या, मध्ये मैदान, कडेला स्वयंपाकघर. अधीक्षक तरुण होते, माझ्याच वयाचे. मी फाटकातच सुरू केलं. मूल आजारी पडलं तर पालकांना कळवायची जबाबदारी कुणाची? औषध कुणी दिलं? गोंडीत बोलल्यावर मार कोण देतं? ते म्हणाले, मॅडम, आधी आत या. मी म्हटलं, आत येऊन चहा पाजाल आणि विषय संपवाल. इथेच सांगा. ते म्हणाले, एवढी मुलं, एवढासा स्टाफ, मी एकटा कुठे कुठे बघू. मी म्हटलं, हे लेखी द्या.

चैतूबाबा आमच्या दोघांच्या मधून पुढे निघून गेले. मैदानाच्या मध्यावर उभे राहिले आणि मोठ्याने विचारलं, आधी गोंडीत, मग मराठीत:

"इथी सहा देवाचं कोन हाय?"

अधीक्षक म्हणाले, "बाबा, आपल्या शाळेत सगळे समान आहेत, आपण असं काही..."

स्वयंपाकघरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेला, हातात भाताचा मोठा झारा.

"मी हाय. सहा देवाच्या घरची लेक. काऊन?"

चैतूबाबांनी पायलला खांद्याला धरून पुढे केलं. "मंग हे तुही भाची. तू हिची आते झाली."

बाई जवळ आली. पायलकडे वरून खाली पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "हे तं दिवाळीच्या आंधी तापानं पडली होती तेच पोट्टी! मी पेज नेऊन देत होती हिले. काऊन नाई सांगतलं व, सहा देवाची हाय म्हनून?"

पायल जमिनीकडे बघत म्हणाली, "कोनी इचारलंच नाई."

रुखमाबाई मागे उभ्या होत्या. घरून निघाल्यापासून लेकीच्या कपड्यांची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. ती त्यांनी त्या बाईच्या हातात दिली.

"आता इचारलं ना," बाई पायलला म्हणाली. "चाल, हात धू. भात झाला." आणि अंगणात खेळणाऱ्या बाकीच्या पोरांकडे पाहून ओरडली, "ए, तुमी बी या रे इकडे सारे. सांगा एकेक, कोनाचे देव किती!"

पोरं झाऱ्याभोवती गोळा व्हायला लागली. चैतूबाबा तिथेच पायरीवर बसले. ते आज जाणार नव्हते, सगळ्यांचं ऐकूनच जाणार होते.

मी अधीक्षकांकडे वळले. माझे तीन मुद्दे अजून बाकी होते.